वाकडी भिंत, सरळ पट्टी: आर्वी तालुक्यातल्या एका बैठकीचं प्रकरण

घर वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातलं, ऐन गावठाणातलं. भिंती पांढऱ्या मातीच्या, दीड फूट जाड. वरची माडी आणि धाबं काही वर्षांपूर्वी उतरवलं, लोखंडी कैच्या टाकून पत्रे चढवले. माडीच्या सागवानी फळ्या मात्र मालकांनी गोठ्यात रचून जपून ठेवल्या होत्या. भिंतींना आतून सिमेंटचं प्लास्टर झालं ते त्याच सुमारास. खाली जुनी शहाबादी फरशी, दाराकडे उतार दिलेली. बैठक 18 फूट लांब, 11 फूट रुंद. मागणी एवढीच होती: भिंतीच्या बुडाशी पट्टी लावून द्या, पडणार नाही अशी.

आधीची पडली होती. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलानं पीव्हीसीच्या तयार पांढऱ्या पट्ट्या पाठवल्या. लावणारा आला, डिस्टेंपरवरच गमच्या रेघा ओढून पट्ट्या दाबून गेला. थंडीत टिकल्या. उन्हं तापली तशी एकेक सुटायला लागली. "पोरानं एवढ्या हौसेनं पाठोल्या, म्या म्हनलं लावून तं पाहू. आता कोपऱ्यात उभ्या हायेत," घरमालक काकाजी म्हणाले.

त्यातली एक पट्टी उलटी करून पाहिली तर निम्मं उत्तर तिच्या पाठीवरच होतं. गम पट्टीला घट्ट होता. गमावर डिस्टेंपरचा पापुद्रा, आणि पापुद्र्याला प्लास्टरची भुकटी. गमनं आपलं काम केलं होतं. भिंतीची साल भिंतीपासून सुटली होती. त्यात खोलगट जागी पट्टी दाबून वाकवलेली. वाकवलेली पट्टी सतत सरळ व्हायला बघते, आणि तो सगळा ताण त्या कागदाएवढ्या सालीवर येतो. त्यामुळे दुसरा भारी गम आणून त्याच पट्ट्या पुन्हा चिकटवायच्या हा विषय तिथंच संपला.

भिंत मोजली ती अशी

भिंत वाकडी आहे हे सगळ्यांना दिसत होतं. किती आणि कुठं, हे कुणी मोजलं नव्हतं. माजघराकडच्या 18 फुटी भिंतीच्या दोन्ही टोकांना, फरशीपासून चार बोटं वर, 18 मिमी प्लायचा एकेक तुकडा ठेवला आणि त्यांवरून दोरी ताणून बांधली. मग दर फुटाला स्टीलच्या पट्टीनं दोरी ते भिंत अंतर घेतलं. भिंत सरळ असती तर सगळीकडे 18 आलं असतं.

आलं असं: पाचव्या फुटाला 16, सहाव्याला 7, सातव्याला 15. म्हणजे सहाव्या फुटाशी भिंत 11 मिमी पुढं आलेली. मग नवव्या फुटापासून अंतर हळूहळू वाढत तेराव्या फुटाला 34, आणि तिथून तसंच हळूहळू कमी होत सतराव्या फुटाला पुन्हा 18. म्हणजे तेराव्या फुटाशी भिंत 16 मिमी आत गेलेली.

हे आकडे ऐकल्यावर काकाजींचा जीव 34 वर अटकला. गवंड्याचाही. आधी तो खड्डा भरू, असं दोघांचंही म्हणणं. माझं मत उलट होतं, आणि या सगळ्या कामातला निर्णयाचा मुद्दा हाच आहे: भिंत एकूण किती वाकडी आहे यापेक्षा ती किती लांबीत वाकडी आहे हे बघावं लागतं. 16 मिमीचा खोलगटपणा 8 फुटांत पसरला होता. उंचवटा मात्र, शेजारच्या फुटांच्या मानानं साधारण 9 मिमीचा, एका फुटात चढून पुढच्या फुटात उतरत होता.

लाकडाच्या बाजूनं हिशेब केला की फरक किती मोठा आहे ते कळतं. 5 इंच रुंद, 18 मिमी जाड सागवानी पट्टी 8 फुटांच्या पल्ल्यात मधोमध 16 मिमी दाबायला साधारण साडेतीन किलोचा जोर लागतो. एका हातानं दाबली तरी बसते. तीच पट्टी 2 फुटांच्या पल्ल्यात 9 मिमी वाकवायची म्हटली तर सव्वाशे किलोच्या आसपास जातं. कारण जोर लांबीच्या घनानं बदलतो: पल्ला निम्मा झाला की तेवढ्याच वाकासाठी आठपट जोर. मातीच्या भिंतीतला कुठलाच स्क्रू सव्वाशे किलो धरून राहणार नाही. डोळ्याचंही तसंच आहे. 8 फुटांतला बाक समोरून कुणाला दिसत नाही, 2 फुटांतलं टेंगूळ पोरगंही दाखवतं.

उंचवट्यावर हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहिलं. बाजूला टणटण आणि तिथं भदभद. प्लास्टर मातीपासून सुटून फुगलं होतं. हे वर्ध्याकडच्या जुन्या घरांत नेहमी सापडतं. मातीची भिंत ओल धरते, सोडते, किंचित हलते, सिमेंट ताठ. दोघांची जोडी जमत नाही. मध्ये कोंबडीजाळी ठोकलेली असली तर प्लास्टर लटकत राहतं, पडत नाही, इतकंच. पट्टी लावायच्या आधी पोकळ जागा शोधून खडूनं गोल करणं म्हणूनच भाग असतं. पोकळ प्लास्टरवर स्क्रू मारला की ते अख्खं पाटीसारखं निघतं.

ओळंबा लावल्यावर आणखी एक खोड दिसली. भिंत वर ओळंब्यात, पण फरशीलगतच्या दोन बोटांत प्लास्टर पुढं आलेलं. हे जवळजवळ प्रत्येक घरात असतं. गुरमाळा फरशीपर्यंत नीट पोचत नाही, खाली ओघळलेला माल तसाच राहतो आणि वाळतो. अशा जागी पट्टी टेकवली की तिचं बूड पुढं आणि माथा मागं कलतो. दाबली नाही तर वर फट, दाबली तर पट्टी आकाशाकडे बघतेय. भिंत वाकडी आहे अशी तक्रार येते तेव्हा निम्म्या वेळा खरी तक्रार या दोन बोटांची असते. छिन्नीनं ते पट्टे उडवायला फार वेळ लागत नाही, आणि पट्टी भिंतीला जे अंतर देते ते एकदम कमी होतं.

रस्त्याकडची भिंत

समोरची, रस्त्याकडची 18 फुटी भिंत वेगळीच निघाली. तिच्यावर खाली वीतभर पांढरा खार फुटलेला, डिस्टेंपरचे पोपडे. लोणा लागलाय हे दिसतच होतं, पण ओल आतून येतेय की खोलीतल्या दमटपणामुळे वर बसतेय ते बघायला प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडांनी टेप मारून भिंतीला चिकटवला. दुसऱ्या दिवशी थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला होते. बाहेरच्या अंगाला असते तर हवेतले म्हणता आले असते. ही ओल भिंतीतून येत होती.

बाहेर जाऊन पाहिलं तर कोडं राहिलंच नाही. गावातला सिमेंटचा रस्ता थरावर थर चढून घराच्या जोत्याच्या वर आलाय. पावसाचं पाणी रस्त्याच्या कडेला भिंतीशी साचतं. खिडकीत कूलर, त्याची टाकी भरताना सांडतं, गवताच्या पडद्यातून ठिबकतं, आणि ते सगळं खिडकीखालच्या भिंतीत मुरतं. म्हणजे पावसाळ्यात रस्ता पाजतो, उन्हाळ्यात कूलर. आतून सिमेंटचं प्लास्टर आणि त्यावर डिस्टेंपर, म्हणजे ओलीला आत यायला दार आहे, बाहेर पडायला नाही. ती वर चढते, जिथं वाट मिळेल तिथं सुकते आणि क्षार मागं ठेवते.

या भिंतीला सागवान लावायचं नाही, हे मी सांगितलं आणि घरात वाद झाला. काकूंचं म्हणणं रास्त होतं. "तीन बाजूले लाकूड अन् एका बाजूले दगड? लोकं काय म्हनतीन, फळ्या पुरल्या नाही म्हून?" फळ्या तर भरपूर होत्या. पण ओल्या भिंतीला चिकटून बसलेलं लाकूड पाठीमागून सडतं, आणि वाळवीला मातीच्या भिंतीतून थेट लाकडात शिरायला आडोसा मिळतो. पुढून पॉलिश चकाकत असतं आणि मागं बोगदे. सागवानाला वाळवी लागत नाही हा समज आपल्याकडे पक्का आहे. जुनं, पक्क्या गाभ्याचं सागवान बराच काळ दाद देत नाही हे खरं; पण फळीच्या कडेचा फिक्का, वरच्या सालीकडचा भाग वाळवी खुशाल खाते. काकाजींच्या फळ्यांत असा भाग बऱ्यापैकी होता.

तोडगा असा निघाला: रस्त्याकडच्या भिंतीला काळ्या कडप्प्याची पट्टी. खिडकीची बैठक, म्हणजे चौकटीखालची लादी, आधीच कडप्प्याची होती, तेव्हा रंग जुळतो. प्लास्टिकच्या तुकड्याची परीक्षा दोन्ही 11 फुटी भिंतींवरही घेतली होती. रस्त्याकडच्या कोपऱ्यापासून पहिला फूटभर ओल होती, पुढं कोरडं. म्हणून कडप्पा दोन्ही कोपऱ्यांत वळवून फूटभर आत आणायचा आणि तिथून सागवान सुरू करायचं. त्या दोन्ही कोपऱ्यांत दिवाण येतात हे काकूंनीच दाखवून दिलं, आणि लाकूड-दगडाचा जोड त्यांच्याआड गेला.

माथ्याची रेघ

पट्टीची वरची कड कोणाला समांतर ठेवायची, हा प्रश्न कागदावर क्षुल्लक वाटतो. पाण्यानं भरलेली लेव्हलची नळी फिरवली तर फरशी 18 फुटांत दाराकडे 22 मिमी उतरलेली. धुण्यासाठी मुद्दाम दिलेला उतार, बदलायचं कारण नाही. पण खिडकीची बैठक आणि चौकटी लेव्हलमध्ये. पट्टीचा माथा लेव्हलमध्ये ठेवला तर ती एका टोकाला 22 मिमी जास्त उंच दिसणार, आणि ते फरशीच्या सांध्यांशेजारी लगेच कळतं. फरशीला समांतर ठेवला तर खिडकीखालून जाताना ती उतरलेली दिसते.

सुतारमामांनी एक शब्द न बोलता मध्यावर खूण केली. 11 मिमी माथ्याला उतार, उरलेले 11 मिमी पट्टीच्या रुंदीत. दोन चुका अर्ध्या अर्ध्या वाटून घेतल्या की एकही डोळ्यात भरत नाही. पुस्तकी माणसाला हे पटत नाही. मला त्या खोलीत दुसरं काही बरोबर वाटलं नसतं.

आतल्या भिंतीची डागडुजी

सहाव्या फुटावरचं पोकळ प्लास्टर कटरनं चौकोनी कापून काढलं. हातोड्यानं ओरबाडून काढलं की शेजारचं चांगलं प्लास्टरही हादरतं, म्हणून आधी कड कापायची. कापण्याआधी मेन स्विच बंद. फ्रिजच्या सॉकेटची वायर त्याच भिंतीतून खाली आली होती. मागची माती कोरडी होती, सैल झालेली खरवडली, पाणी शिंपडून सिमेंट, चुना, रेती 1:1:6 असा माल दोन थरांत भरला. त्यात चुना घातला की माल जरा मऊ राहतो, नुसत्या सिमेंटसारखा ताठ होत नाही. पाटा फिरवून त्या जागेचा उंचवटा 3 मिमीवर आणला.

खोलगट 16 मिमीचं काय? पट्टी पूर्ण आत दाबता आली असती, जोर साडेतीन किलोचाच होता. पण दार 11 फुटी भिंतीत आहे, आत येणारा माणूस त्या लांब भिंतीच्या कडेनं थेट नजर टाकतो, आणि कडेनं पाहिलं की 16 मिमीचा बाक दिसतो. म्हणून निम्मं पट्टीनं घेतलं, निम्मं प्लास्टरनं. पट्टी 8 मिमी आत वाकली, आणि तिच्या माथ्यामागं उरलेल्या 8 मिमीपासून वर दीड फुटापर्यंत प्लास्टर उतरतं करत शून्यावर नेलं. जुन्या प्लास्टरला आधी टाचे मारले, धुतलं, मगच नवा माल. दीड फुटात 8 मिमी हा उतार हाताला लागतो, डोळ्याला नाही.

फटीवर बिडिंगची बारीक पट्टी मारून मोकळं व्हावं, अशी सूचना गवंड्याची होती. बरेच जण करतात. बिडिंग भिंतीबरोबर वाकते, पण तिच्याखालची सागवानी पट्टीची कड कुठं रुंद, कुठं अरुंद दिसत राहते. खिडकीचा उजेड आडवा येतो तेव्हा तर जास्तच. शिवाय धूळ साठायला आणखी एक पायरी. 2-3 मिमीच्या फटी मात्र रंग धरणाऱ्या ॲक्रिलिक सीलंटनं भरल्या, त्याला हरकत नाही.

सागवान बसवताना

जुन्या फळ्यांतले खिळे काढण्यातच मामांचा बराच वेळ गेला. एक खिळा राहिला तरी रंध्याचं पातं जातं. इंचभर जाडीची फळी रंधून 18 मिमी केली, रुंदी 5 इंच ठेवली, वरच्या पुढच्या कडेला हलकी गोलाई. पाठ आणि दोन्ही टोकं लावायच्या आधीच प्राइमर मारून बंद. पुढून पॉलिश आणि मागून कोरं लाकूड ठेवलं की पावसाळ्यात ते एका बाजूनंच पाणी पितं आणि पन्हाळीसारखं वळतं.

मातीच्या भिंतीत प्लास्टिकचा प्लग बसत नाही, फिरत राहतो. म्हणून जुनी रीत वापरली. दर दोन फुटांवर, पट्टीच्या मध्यरेषेत, तीन इंच खोल भोक. आत रुंद, तोंडाशी अरुंद. त्यात तशाच आकाराची सागवानी गुल्ली, डांबरात बुडवून वाळवलेली, मालात पक्की बसवली. रुंद तोंड आत असल्यानं ती ओढली तरी बाहेर येत नाही. माल पुरता धरेपर्यंत गुल्लीला हात लावायचा नाही. उन्हाळ्यात इकडं माल झपाट्यानं सुकतो आणि सुकला म्हणजे धरला असं वाटतं, तसं नसतं. ओलं पोतं टाकून ठेवलं होतं.

मग फरशीशी जुळवणं. शहाबादीच्या सांध्यांना तीन-चार मिमीचे ओठ, दाराशी पायांनी झिजून झालेला खळगा. पट्टी फाचरांवर उचलून माथा रेघेशी जुळवून धरली. नातीच्या कंपास पेटीतला कंपास मामांनी मागून घेतला. सर्वांत मोठी फट जिथं होती तेवढं त्याचं तोंड उघडलं आणि आवळलं. टोकदार पाय फरशीवर, पेन्सिलचा पाय लाकडावर, आणि कंपास सरळ उभा धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढला. फरशीचा प्रत्येक ओठ आणि खळगा लाकडावर जसाच्या तसा उतरला. कंपास कलला किंवा तोंड हललं की सगळं वाया, म्हणून मामा तेव्हा बोलत नाहीत, श्वासही बेतानं घेतात. रेघेपर्यंत करवत, नंतर रंधा, ओठांच्या जागी पटाशी. खालची कड किंचित मागं उतरती तासली, म्हणजे पुढची धार फरशीला भिडते आणि मागं काही अडत नाही.

भिडते म्हटलं तरी सगळी लांबी दोन कागदांएवढी वर ठेवली आणि खालच्या कडेला पॉलिशचा जादा हात दिला. रोजचा ओला पोचा थेट लाकडाच्या कडेत शिरू नये.

कोपऱ्यांत 45 अंशांचा जोड करावा असं पुस्तक सांगतं. 3-4-5 लावून कोपरा तपासला: एका भिंतीवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट, तिरकं अंतर 5 फूट यायला हवं ते 5 फूट 1 इंच आलं. म्हणजे कोपरा जवळजवळ 92 अंशांचा. 46-46 करून तो जुळवता येतो. पण इकडं मे महिन्यात 45 अंश तापमान आणि हाडं सुकवणारी हवा, जुलैत भिंतही घामेजलेली. तिरका जोड पहिल्याच उन्हाळ्यात तोंड उघडतो. म्हणून एक पट्टी थेट कोपऱ्यात भिडवली, आणि दुसरीच्या टोकाला पहिलीच्या गोलाईचा आकार कोरून तिच्यावर टेकवली. कोपरा 92 असो की 88, हा जोड बंद दिसतो. लांबीतले जोड तिरके कापून एकमेकांवर चढवले, आणि नेमके गुल्लीवर आणले.

सगळ्यात शेवटी खोलगट भागातले स्क्रू. मधला आधी आवळायचा नाही. एका टोकापासून सुरू करून पट्टी हातानं दाबत, क्रमानं. नाहीतर दोन गुल्ल्यांमध्ये पट्टी फुगते आणि ती फुगी मग कुठं ढकलावी कळत नाही.

दगड आणि टाइल

कडप्पा वाकत नाही, तेव्हा तिथं लांबीचा हिशेब उलट्या बाजूनं कामी आला. सरळ तुकडा बाकदार भिंतीवर ठेवला की मध्ये फट राहते, आणि तुकडा निम्मा केला की फट चौथ्या हिश्श्यावर येते. खिडकीखाली 2 फुटी तुकड्यामागं 6 मिमी फट होती. 1 फुटी केल्यावर दीड मिमी. सांधे दुप्पट झाले, पण काळ्या दगडात ते दिसत नाहीत. त्या भिंतीचं खालचं अडीच फूट सिमेंटचं प्लास्टर काढून टाकलं आणि चुना, सुरखी, रेतीचं केलं. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. तिच्यामुळे चुना ओलीतही धरतो, आणि भिंतीला श्वास घ्यायला जागा राहते. कडप्प्याच्या माथ्याशी सीलंट मुद्दाम भरलं नाही.

माजघरात नवी 2 × 2 फुटी व्हिट्रिफाइड टाइल बसली होती, तिथं टाइलचीच पट्टी. एका 600 मिमी टाइलमधून सहा पट्ट्या निघतात. पाच काप, प्रत्येकी अंदाजे 2 मिमी ब्लेड खाणार, म्हणजे पट्टी 98 मिमीची. "चार इंची" म्हणून आखलेली रेघ मग जुळत नाही. सहातल्या दोनच पट्ट्यांना लांबीची कंपनीची कड मिळते. त्या दारासमोर लावा, बाकीच्यांची वरची कड घासून घ्या. एवढं पाळलं तर टाइलच्या पट्टीत फारसं काही बिघडत नाही.

पैशाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हे काम सगळीकडे रनिंग फुटानं, म्हणजे लांबीच्या फुटामागं, ठरतं. रनिंग फुटाचा भाव धरला की पोकळ प्लास्टर शोधणं, बुडाची दोन बोटं तासणं, गुल्ल्या, फरशीशी जुळवणं यातलं काहीच कुणाच्या हिशेबात नसतं. आणि जे हिशेबात नसतं ते होत नाही. काकाजींकडे भिंतीची तयारी रोजीवर आणि पट्टी लावणं फुटावर, असं वेगळं ठरवलं. पहिल्या आठवड्यात त्यांना ते महाग वाटलं.

एका पावसाळ्यानंतर

दिवाळीच्या आधी जाऊन पाहिलं. आतल्या भिंतीची पट्टी जागची हललेली नाही. लांबीतला एक जोड केसाएवढा उघडला, पॉलिशच्या पुटीनं भरून घेतला. दक्षिणेकडच्या 11 फुटी भिंतीत एक गुल्ली सैल झाली. तिथली माती भुसभुशीत निघाली, म्हणून ती काढून भोक मोठं करून पुन्हा बसवली. पट्टीच्या पाठीमागं आरसा धरून पाहिलं, वाळवीची माती कुठं नाही.

रस्त्याकडच्या भिंतीवर अपेक्षेप्रमाणे कडप्प्याच्या वर हातभर पांढरं फुटलं आहे, खिडकीखाली चुन्याचं प्लास्टर थोडं झडलं आहे. ते झडावं म्हणूनच तिथं चुना आहे. क्षार त्यात येतात, तो झडतो, मागची माती वाचते. कोरड्या ब्रशनं झाडून पुन्हा हात मारायचा, पाण्यानं धुवायचं नाही. काकाजींना हे अजून पूर्ण पटलेलं नाही. त्यांच्या मनात त्या भागावर ऑइलपेंट मारून विषय संपवायचा आहे, आणि तेवढं एक करू नका असं मी त्यांना दोनदा सांगून आलोय. कूलर आता भिंतीपासून हातभर दूर, लोखंडी स्टँडवर आहे. रस्त्याच्या बाजूनं नाली काढायची बाकी आहे. ती झाल्याशिवाय त्या भिंतीची ओल कमी होणार नाही, आणि तोवर तिथला कडप्पा काढून सागवान लावायची काकूंची इच्छा थांबलेलीच बरी.